हिंगणा रोडचा काळा, पारडीचा पांढरा

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही घरी बोर मारली. नागपुरात हिंगणा रोडकडे राहणाऱ्यांना एवढं वाक्य पुरेसं आहे, बाकीच्यांसाठी सांगते की तेव्हा टँकरवाल्याचा नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये सगळ्यात वर होता आणि माझा त्याच्या खाली.

आधी पाणाड्या आला. तळहातावर नारळ ठेवून अंगणभर फिरला, गेटजवळ नारळ उभा झाला, तिथं चुन्याची फुली मारली आणि म्हणाला, "दीडशेवर पाणी लागीन ताई, लिहून घ्या." मी खरंच लिहून घेतलं, कॅलेंडरवर. त्याचा काही उपयोग झाला नाही ते पुढे येईलच.

गाडी रात्री दहाला आली, तमिळनाडू पासिंगची, वर काम करणारी पोरंही तिकडचीच, फक्त एजंट आपला इथला. गल्लीतले सगळे बाहेर, कारण त्या आवाजात झोपणार कोण. आधी पिवळट मुरूम निघाला, मग केसिंगचा पाइप टाकला, मग काळा दगड. आणि मग काळाच. ऐंशी फूट काळा, शंभर फूट काळा, राखाडी पावडर सगळ्या गाड्यांवर, तुळशीवर, सासूबाईंनी वाळत घातलेल्या कुरड्यांवर (हा विषय घरात अजून निघतो). एजंट दर दहा फुटांनी येऊन सांगे, "वहिनी, हार्ड आहे." म्हणजे मीटर चालू आहे.

एकशेऐंशीच्या आसपास एकदम लाल पाणी यायला लागलं. गेरू कालवल्यासारखं, नालीतून वाहत पार कोपऱ्यापर्यंत गेलं. पोरगा ओरडला, नवऱ्याला वाटलं काही फुटलं. एजंट मात्र निवांत. "लाल पट्टा लागला. पंधरा फूट चालते हा, मंग पुन्हा काळाच." आणि तसंच झालं, लाल संपलं, काळं सुरू. शेवटी तीनशेवीसला थांबवलं, अर्धा इंच पाणी, तेही दोनशेदहाला कुठंतरी मिळालेलं. पाणाड्याचा फोन दुसऱ्या दिवशीपासून लागत नाही.

पंधरा दिवसांनी माझ्या ताईकडे बोर मारली, पारडीला. आमच्याकडून गाडीनं पाऊण तास, ट्रॅफिक असेल तर एक. माझा पोरगा, सहावीतला, दोन्ही ठिकाणी हजर, आणि दोन्ही ठिकाणचा चुरा त्यानं जॅमच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये भरून आणला. किचनच्या खिडकीत दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. एक काळी, मळकी, कोळशाच्या चुऱ्यासारखी. दुसरी पांढरी-गुलाबी, मध्ये काळे ठिपके, आणि सकाळचं ऊन पडलं की चमचम करणारी.

"आई, मावशीकडचा दगड चमकते, आपला काहून नाही चमकत?"

मी बी.कॉम. आहे. मी सांगितलं, समोरच्या काकांना विचार.

समोरचे काका जीएसआयमधून, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून, रिटायर झालेले, सेमिनरी हिल्सच्या ऑफिसात बरीच वर्षं होते. इतके दिवस मला ते फक्त सकाळी गुलाबाला पाणी घालणारे काका म्हणून माहीत. त्यांनी गळ्यातल्या दोरीला बांधलेलं छोटंसं भिंग काढलं (गळ्यात! मला वाटायचं चष्म्याची दोरी आहे), दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रावर ओतल्या आणि त्यानंतर आमच्या घरातला रविवार कधी परत आला नाही.

काका म्हणाले, चमकतात दोन्ही, एकाचे कण दिसतात, दुसऱ्याचे दिसत नाहीत, एवढंच. मग मला म्हणाले, "तुम्ही खडीसाखर पाहिली ना? पाक दोऱ्यावर दिवसेंदिवस सावकाश ठेवला तर खडे मोठे होतात. तोच पाक घाईनं गार केला तर बारीक रवा." आमचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्हा जमिनीवर पसरला आणि उघड्यावर पटकन थिजला, खनिजांना वाढायला वेळच नाही मिळाला. ताईकडचा दगड म्हणजे नाईस, तो जमिनीच्या खाली कित्येक किलोमीटरवर सावकाश तयार झाला, मग त्याच्यावर इतका दाब आणि उष्णता की त्याचे पट्टे पट्टे पडले, पट्टेही दुमडले. मोठा तुकडा पाहिला तर चमकोऱ्याच्या वडीचा काप वाटतो, खोटं नाही सांगत, काकांकडे एक आहे, टीव्हीखाली ठेवलाय.

खनिज आणि खडक यातला फरक मी शाळेत पाठ केला होता, समजला आत्ता, कारण पोरानं सुईनं ताईकडच्या चुऱ्यातून दाणे वेगळे केले. काचेसारखा, कसाही फुटणारा, तो क्वार्ट्‌झ, म्हणजे आपली गारगोटीच. गुलाबीसर, ज्याची एक बाजू सपाट आणि आरशासारखी लकाकते, तो फेल्डस्पार. आणि काळे, नखानं पापुद्रा निघतो ते अभ्रक. हे तीन खनिज, तिघं मिळून खडक. चिवड्यातले शेंगदाणे, पोहे आणि कढीपत्ता वेगळे काढून ठेवावे तसं, फक्त चिवड्यात असं करणाऱ्याला आमच्याकडे मार बसतो.

नंतर काकांनी त्याला मोह्‌सची पट्टी शिकवली. फ्रिडरिश मोह्‌स नावाच्या माणसानं १८१२ मध्ये केलेली, एक ते दहा, टाल्क सगळ्यात मऊ, हिरा सगळ्यात कडक, कोणावर कोणाचा ओरखडा पडतो ते पाहायचं. नख अडीच, चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास, क्वार्ट्‌झ सात. काचही साडेपाचच्या जवळपासच. म्हणजे क्वार्ट्‌झनं काचेवर ओरखडा पडायला पाहिजे. पडला. डायनिंग टेबलवर, सहा इंचाचा. काका म्हणाले प्रयोग यशस्वी.

आमच्या काळ्या चुऱ्यातही मजा निघाली. काही तुकड्यांमध्ये पांढरे गोल ठिपके होते, गोळाभातातले गोळे जसे. लाव्ह्यातून वाफा, गॅस निघताना बुडबुडे राहून जातात, दगड थिजतो, मग लाखो वर्षं पाणी झिरपून त्या पोकळ्यांमध्ये दुसरी खनिजं भरतात, झिओलाईट, कॅल्साइट, गारगोटी. कॅल्साइट आहे का ते ओळखायला ॲसिड लागतं, घरात नाही, तर लिंबू. ठिपका खलबत्त्यात बारीक केला, त्याच्यावर लिंबाचे दोन थेंब, आणि कान जवळ नेला तर अगदी बारीक चर्रर्र. बुडबुडे दिसले. त्या आठवड्यात घरात लिंबू शिल्लक राहिलं नाही, फरशी, खडू, अंड्याचं टरफल, सासूबाईंचा शंख, सगळ्यावर पिळून झालं.

आणि तो लाल पट्टा? मला त्याचीच जास्त उत्सुकता. काकांनी सांगितलं की लाव्हा एकदाच नाही आला, थरावर थर येत गेले, आणि मध्ये कधी कधी हजारो वर्षांची विश्रांती. तेवढ्या काळात वरचा दगड सडून माती झाली, मग नवा लाव्हा आला आणि त्यानं ती माती विटेसारखी भाजली. म्हणजे आमच्या गेटखाली एकशेऐंशी फुटांवर जी लाल माती होती ती कधीकाळी उघड्यावरची जमीन होती. त्या रात्री मी ती नालीतून वाहताना पाहिली आणि मोबाईलवर पाण्याचा रेट बघत बसले.

हे सगळं साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं. दख्खनचा लाव्हा आज जेवढा उरलाय तोच ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो, सह्याद्रीकडे जाडी दोन किलोमीटरच्या वर, आणि आपल्याकडे येता येता पातळ होत होत नागपुरात काठ येतो. हा काठ हा खरा मुद्दा आहे. डोस्यासारखं समजा, मध्ये जाड, कडेला कुरकुरीत पातळ, आणि कड संपली की तवा. आमचं घर डोस्यावर, ताईचं घर तव्यावर. आणि तो तवा शंभर कोटी वर्षांहून कितीतरी जुना. कड जाते कुठून तर साधारण बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, आसपासून; पश्चिमेला आम्ही, पूर्वेला ताई. आपण पूर्व नागपूर-पश्चिम नागपूर म्हणतो ते मला आजवर फक्त निवडणुकीतलं वाटायचं.

बर्डीच्या टेकडीवर मग आम्ही एका रविवारी गेलो, म्हणजे किल्ला आर्मीकडे आहे त्यामुळे वर नाही, खालूनच. पण काका रस्त्यात उभं राहून हातवारे करत होते आणि ऑटोवाले हॉर्न देत होते. या टेकडीत आणि टाकळीकडे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळ्यातला गाळ सापडतो, त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, झाडांची फळं, बिया. दोन उद्रेकांच्या मध्ये इथं तळं होतं, शंख होते, सगळं आरामात चाललं होतं. ते शोधून काढणारा स्टीफन हिस्लॉप. हो, कॉलेजवाला. मी त्या कॉलेजसमोरून इतकी वर्षं ये-जा केली आणि मला वाटायचं कोणी इंग्रज कलेक्टर असेल. निघाला स्कॉटिश मिशनरी, १८४५ मध्ये नागपुरात आला, धर्मप्रचार करता करता दगड गोळा करायचा, रॉबर्ट हंटर नावाचा जोडीदार सोबत, आणि १८५५ मध्ये दोघांचा नागपूरच्या भूगर्भावरचा निबंध लंडनला छापला गेला. इथल्या हिरवट कॅल्साइटला हिस्लॉपाइट नाव पडलं ते त्याच्यावरून. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटकडची जुनी शिळावर्तुळं पाहून घोड्यावर परत येत होता, नाल्याला पूर, त्यात बुडून गेला. पावसाळ्यात त्या भागातले नाले कसे चढतात ते बुटीबोरीला जॉब करणाऱ्यांना विचारा.

आता कामठी. मला कामठी म्हणजे कॅन्टोन्मेंट आणि कन्हानचा पूल एवढंच. तर कामठीच्या नावाचा एक खडकसमूह आहे, जगभरच्या पुस्तकांत कामठी फॉर्मेशन म्हणून, वाळूखडक, साधारण २५ कोटी वर्षं जुना, आणि त्याच्याही खाली असलेल्या थरांमध्ये कोळसा. तोच कोळसा जो कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांत जळतो आणि ज्याच्या जिवावर मे महिन्यात आपला कूलर चालतो. काकांनी कपाटातून एक तांबूस चपटा दगड काढला, जुन्या नोकरीतली आठवण, कामठीकडचा. त्याच्यावर पान. लांबट, जिभेसारखं, मधली शीर ठळक आणि दोन्ही बाजूंना जाळीदार बारीक शिरा, इतक्या स्पष्ट की पोरानं आधी बोटानं घासून पाहिलं निघते का. ग्लोसोप्टेरिस. नावाचा अर्थच जिभेवरून आलाय.

हे पान माझ्या डोक्यातून जात नाही. कारण काय सांगते. कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परत येताना १९१२ मध्ये आपल्या माणसांसकट बर्फात मेला, ते माहीत होतं. हे माहीत नव्हतं की शेवटी शेवटी, अन्न संपत आलेलं, पाय गोठलेले, तरी ते लोक १६ किलो दगड ओढत होते. काही महिन्यांनी त्यांचा तंबू सापडला तेव्हा दगड सोबतच होते. आणि त्या दगडांमध्ये हेच ग्लोसोप्टेरिसचं पान. अंटार्क्टिकात. कामठीत. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, तिथंही हेच. त्याचं बी काही समुद्र ओलांडून उडत गेलं असं मानणं कठीण, म्हणून जमिनीच एकत्र होत्या, असं अल्फ्रेड वेगेनर नावाचा जर्मन शास्त्रज्ञ त्याच १९१२ मध्ये म्हणायला लागला होता आणि लोक त्याला हसत होते, बरीच वर्षं हसले. १९६० च्या दशकात समुद्राच्या तळाचे पुरावे जमले तेव्हा कुठं हसणं थांबलं.

त्या एकत्र जमिनीचं नाव गोंडवाना. गोंडांचा मुलूख. इथल्या कोळशाच्या थरांना जीएसआयच्या लोकांनी १८७० च्या दशकात ते नाव दिलं आणि तिथून एडवर्ड झ्यूस नावाच्या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकानं ते अख्ख्या दक्षिणेकडच्या महाखंडाला लावलं. म्हणजे ब्राझीलच्या शाळेतला पोरगाही गोंडवाना शिकतो, आणि नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहानं, हे आपल्याकडच्या किती पोरांना सांगता येते? मलाच धड येत नव्हतं.

अजून एक, ऐकून घ्या. या गोंडवानाच्या अगदी तळाच्या थरात हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे आहेत. चंद्रपूरकडे पैनगंगेच्या काठी बर्फानं घासलेला, ओरखडे पडलेला चुनखडक सापडला. चंद्रपूर! जिथं मेमध्ये डांबर वितळते. तेव्हा आपण दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होतो.

मग इथं आलो कसे, हा पोराचा प्रश्न. प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, सरकते म्हणजे ढकलतं कोण? काकांनी गच्चीकडे बोट दाखवलं. ओली गोधडी कठड्यावर टाकली आणि बाहेरची बाजू जास्त लोंबली की कशी हळूहळू सगळीच गोधडी तिकडे घसरत जाते. तसंच. भारताच्या उत्तरेला समुद्राचा तळ होता, थंड, जड, तो पृथ्वीच्या पोटात बुडत होता आणि मागून अख्ख्या भारताला ओढत होता. दख्खनचा लाव्हा आला त्या काळात आपण वर्षाला १५ सेंटीमीटरच्या वर सरकत होतो, डोक्यावरचे केस वाढतात साधारण त्या वेगानं. मग आशियाला धडकलो, हिमालय उभा राहिला, वेग उतरला, आता ५ च्या आसपास. म्हणजे केसांवरून नखांवर आलो. ज्या गरम जागेवरून दख्खनचा लाव्हा आला असं मानतात ती आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. रियुनियन २१ अंश दक्षिण. नागपूर २१ अंश उत्तर. हा निव्वळ योगायोग आहे, काकांनी दोनदा बजावलं, पण मला आवडला.

झिरो माईलचा दगड आठवा आता. वाळूखडकाचा खांब, चार घोडे, शेजारी १९०७ सालचा मोजणीचा दगड, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, तीन दशांश स्थळांपर्यंत. आम्ही तिथं हिशोब केला. वर्षाला ५ सेंटीमीटर धरले तर तेव्हापासून तो दगड, घोड्यांसकट, ईशान्येला जवळपास ६ मीटर सरकलाय. आमच्या हॉलपेक्षा जास्त.

मनसरला जायचं ठरलं ते रामटेकच्या निमित्तानं, सासूबाईंना गडावर जायचं होतं. तिथं चहाच्या टपरीवर काकांनी कुठूनतरी मँगनीजचा एक गोटा पैदा केला आणि पोराच्या हातात दिला. हात खाली गेला त्याचा. लिंबाएवढा दगड आणि वजन असं की वाटावं आत लोखंड भरलंय. काळाकुट्ट, हाताला काजळी. मनसर, कांद्री, गुमगाव, पलीकडे भंडाऱ्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग, सगळा हा पट्टा मँगनीजचा. आधी तो समुद्राच्या तळावरचा काळा चिखल होता. मग जमिनीचे दोन जुने तुकडे एकमेकांवर आले, मधला समुद्र मिटला, चिखल भाजून-दाबून धातुक झाला. हिमालयासारखीच टक्कर, फक्त शंभर कोटी वर्षांच्या मागेपुढे, आणि डोंगर झिजून झिजून आता उरलेत रामटेकसारखे टेंगूळ. त्या भागातल्या एका खडकाला, गार्नेट आणि गारगोटीच्या, फर्मर नावाच्या भूवैज्ञानिकानं १९०९ मध्ये गोंडाइट नाव दिलं. पुन्हा गोंडच. टॉर्चच्या सेलमध्ये जी काळी पूड असते तीही मँगनीजचीच, हे कळल्यावर पोरानं घरी येऊन काय केलं असेल ते लिहीत नाही, रिमोटचे सेल नवीन आणावे लागले.

जमिनीचे ते तुकडे जिथं जोडले गेले त्या जुन्या शिवणी अजून पूर्ण शांत नाहीत म्हणे. मला आठवते, १९९७ चा मे, आम्ही महाल भागातल्या घरी गच्चीवर झोपलेले, पहाटे गादी हलली. मला वाटलं ताई लाथा मारून राहिली, मी तिला परत मारली, ती उठून रडायला लागली. सकाळी कळलं जबलपूरला भूकंप झाला. नर्मदेच्या खोऱ्याखालची जुनी भेग, आणि उत्तरेकडून हिमालयाचा रेटा चालूच आहे त्यामुळे ती कधीमधी करकरते. काकांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मी ताईला फोन करून सॉरी म्हटलं, अठ्ठावीस वर्षांनी. ती म्हणे, "बोरला पाणी लागलं का तुमच्या?" कारण तिच्याकडे एकशेचाळीसलाच लागलं होतं, दोन इंच, भेगेत. नाईसमध्येही पाणी वरच्या सडलेल्या भागात आणि भेगांमध्येच असते, बेसाल्टमध्ये थरांच्या बुडबुडेवाल्या डोक्यात आणि सांध्यांमध्ये, नेमकी भेग सापडली तर सापडली. नारळाला हे कुठून माहीत.

शाळा सुरू झाल्यावर भूगोलाच्या पहिल्या चाचणीत प्रश्न आला, नागपूरमध्ये प्रामुख्याने कोणता खडक आढळतो. अपेक्षित उत्तर बेसाल्ट, एका शब्दात. पोरानं लिहिलं: "आमच्या घरी बेसाल्ट. मावशीच्या घरी नाही." बाईंनी अर्धा मार्क दिलाय. काका म्हणाले पेपर मला आणून दे, मी फ्रेम करतो.